सुगंधा मावशी आणि अर्जातले रकाने

आई, माझ्या सासूबाई, गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या हाताला सलाईनची सुई लावत होते. फोन खिशात थरथरत राहिला, मी उचलला नाही. शीर सापडत नव्हती, आणि शीर शोधताना फोन घेणाऱ्या सिस्टरला आईंनी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. सुई बसली, चिकटपट्टी लावली, आजोबांना "झालं हां" म्हटलं आणि मग पॅसेजमध्ये येऊन मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उलटा फोन लावला. तो म्हणाला, "आई गेली गं. पेज मागितली, दोन चमचे घेतली, आणि... बस." मी विचारलं, "धाप लागली होती?" "नाय." "कण्हल्या?" "नाय. डोळे मिटले फक्त." मी भिंतीला टेकले. आता जे लिहिणार आहे ते सुनेने लिहायची पद्धत नाही, पण खरं ते लिहिते. मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्या, असं वाटलं. नळ्या नाहीत, आयसीयूच्या काचेबाहेर ताटकळणं नाही, कुणा परक्या माणसाने त्यांचे हात पलंगाला बांधणं नाही. ज्या गोष्टीची त्यांना भीती होती ती झाली नाही, आणि ती होऊ न देणं माझ्या हातात होतं. मी मोठा श्वास सोडला आणि मग त्या श्वासाची मलाच लाज वाटली.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. पुण्यानुमोदनाच्या विधीला बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत माणूस मावत नव्हतं. शेजारपाजारच्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "सून बघ, डोळ्यात पाणी नाय." रडले हो, नंतर रडले, नळ सोडून रडले. पण त्या गर्दीत मला उलट बरं वाटत होतं, कारण आलेल्या निम्म्या बायका माझ्या सासूबाईंना सुगंधाबाई म्हणतच नव्हत्या, मावशी म्हणत होत्या. हॉस्पिटलात जी बाई पेशंटचं भांडं लावते, चादर बदलते, फरशी पुसते आणि कळा देणाऱ्या बाईचा हात धरून बसते, तिला नाव नसतं. कागदोपत्री ती आया, आणि हाक मारताना मावशी. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका लहानशा खासगी हॉस्पिटलात सुगंधा मावशी एकोणतीस वर्षं मावशी होत्या. विशीतल्या सिस्टर त्यांना "ए मावशी" म्हणायच्या आणि त्याच सिस्टर शीर मिळेनाशी झाली की हळूच विचारायच्या, "मावशी, कुठे टोचू?" सुई हातात घ्यायची त्यांना परवानगी नव्हती. त्या बोट ठेवून जागा दाखवायच्या, सुई दुसरीच कुणी तरी टोचायची, आणि पेशंटचे नातेवाईक जाताना पेढे त्या दुसरीला द्यायचे. आई हे सांगताना चिडायच्या नाहीत. हसायच्या, आणि त्यांचं ते हसणं चिडण्यापेक्षा जास्त टोचायचं.

आमचं सख्य म्हणाल तर विळ्या-भोपळ्याचं. मी मुरबाडकडची, शेंडेफळ, लाडावलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला पोळ्या गोल यायच्या एवढंच माझ्या बाजूने बोलण्यासारखं होतं. आईंना सगळ्या गोष्टी हॉस्पिटलासारख्या लागायच्या. चादरीला सुरकुती नको, पाण्याचा तांब्या झाकलेला हवा, बाहेरून आलं की आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. मी कंटाळून एकदा म्हटलं होतं, "हे घर आहे की वॉर्ड?" तर म्हणाल्या, "वॉर्ड असता तर तुला पहिल्याच दिवशी डिस्चार्ज दिला असता." मिलिंद बिचारा शेअर रिक्षा चालवायचा आणि घरी आला की दोन पार्ट्यांच्या मध्ये गुपचूप जेवायचा. मी उल्हासनगरात एका सेठच्या कारखान्यात जीन्स शिवायला जायचे, म्हणजे कमरेच्या पट्टीवर लूप बसवायचे, पीसवर मजुरी. बारा वर्षं मी लूप बसवले. मग काम आटलं. आठवड्याचे सहा दिवस होते ते चार झाले, चाराचे दोन झाले, आणि एके दिवशी सेठने सांगितलं, "बहनजी, अभी माल आएगा तो फोन करूंगा." फोन काही आला नाही.

मी तेव्हा चौतीस पूर्ण करून पस्तिशीत होते. घरात बसून पोळ्याभाजीचे डबे द्यायचा विचार चालला होता. आई तीन दिवस कुठे कुठे जाऊन आल्या, कुणाला काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेली यादी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "नर्स हो." मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. जुन्या हॉस्पिटलातल्या, आता दुसरीकडे मोठ्या पदावर असलेल्या तीन सिस्टरना भेटून त्यांनी सगळी चौकशी केली होती. "बीएस्सीला सायन्स लागतं, ते तुझ्याकडं नाय. एएनएम दोन वर्षाचं, पन तिथंच अडकून बसशील. जीएनएम कर. तीन वर्षं. बारावी कुठलीबी चालते, इंग्रजी पायजे, चाळीस टक्के पायजेत. तुला किती?" मी म्हटलं, "बेचाळीस." "मग? दोन जास्तच हायेत." मग त्यांनी यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वय पस्तीसच्या आत. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. "आन् फीचं?" मिलिंदने विचारलं. आई म्हणाल्या, "आपल्याला स्कॉलरशिप हाय. समाजकल्याणची. अर्ज नीट भरला की कॉलेजची फी सरकार भरतं. अर्ज नीट भरायचा, बस." हे वाक्य त्यांनी इतक्या सहज टाकलं की नंतर आम्हाला ते किती महागात पडणार आहे याची कुणालाच कल्पना आली नाही.

वय झाल्यावर शिकायला निघालेल्या बाईला पहिली परीक्षा कॉलेजात द्यावी लागत नाही, कागदांच्या रांगेत द्यावी लागते. शाळेचा दाखला वडिलांच्या नावाने, आधार कार्ड नवऱ्याच्या नावाने. दोन्ही वैशाली मीच, हे सिद्ध करायला लग्नाचं प्रमाणपत्र हवं. आमचं लग्न विहारात झालेलं, नोंदलंच नव्हतं. तेव्हा लग्नाच्या तेराव्या वर्षी आम्ही नगरपालिकेत जाऊन पुन्हा नवरा-नवरी झालो. आमची मुलगी शाळेच्या गणवेशात शेजारी उभी, आणि साक्षीदार म्हणून आईंची वळणदार सही. मग बारावीनंतर इतकी वर्षं काय केलं त्याचं प्रतिज्ञापत्र. "लूप लावले असं लिहू का?" मी वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, "गृहकृत्यात व्यग्र लिहा." मग उत्पन्नाचा दाखला. आणि जातीचा दाखला, तो माहेरचाच लागतो. सून सासरी येऊन म्हातारी झाली तरी तिची जात वडिलांच्या कागदावरूनच धरतात. भावाने मुरबाडहून माझा जुना दाखला पाठवला. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. आईंनी तो पिशवीतून बाहेर काढला नाही, वरूनच बघितला आणि फाईलच्या तळाशी सारला.

याचं कारण सांगायला हवं. त्या दाखल्यावर आमच्या लोकांची धर्म बदलण्याआधीची जात लिहिलेली असते. आईंच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा आई तीन वर्षांच्या, वडिलांच्या खांद्यावर होत्या, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्या दिवसापासून त्या घरात तो शब्द बंद झाला. भांडणात नाही, थट्टेत नाही, जुन्या गोष्टी सांगताना नाही. लग्न करून आईंनी तो नियम आमच्या घरातही आणला. मुलीला शाळेत घालताना मिलिंदने एकदा तो शब्द उच्चारला, तर आई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. आम्ही बौद्ध. कुणी विचारलं तरी बौद्ध, नाही विचारलं तरी बौद्ध.

खासगी कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला; तो फॉर्म आई नसताना मी गुपचूप भरून दाखल्याची झेरॉक्स जोडली होती. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आई मला बदलापूरच्या चार सायबर कॅफेंवरून पुढे नेऊन थेट कॅम्प एकमध्ये हरीशकडे घेऊन गेल्या. हरीश सिंधी, त्याच्या आईचं शेवटचं दुखणं आईंनी काढलेलं, म्हणून विश्वासाचा माणूस. त्याने भराभर नाव-पत्ता टाकला आणि विचारलं, "मावशी, रिलिजन बुद्धिस्ट ना? तो फिर मायनॉरिटी में यस आएगा. मग मायनॉरिटीची स्कीम दाखवतो हा." आई त्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाल्या, "कर येस. खरं तेच लिही." तो म्हणाला, "कास्ट सर्टिफिकेट है तो दो, दुसरी स्कीम पण बघतो." फाईल आईंच्या काखेत होती. त्यांनी ती काही उघडली नाही. "धर्म लिहिला ना? मग झालं." मला तेव्हाच शंका आली होती, हे मी कबूल करते. पण मीही गप्प बसले. दुकानात चार गिऱ्हाईकं होती, आणि तो कागद त्यांच्यासमोर टेबलावर पडलेला मलाही नको होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार आम्ही दोघींनी मिळून केला.

कॉलेज सुरू झालं. माझ्या वर्गातल्या मुली सतरा-अठराच्या, मला पहिल्या दिवशी मॅडम समजून उभ्या राहिल्या. मला अभ्यास जमत होता याचं मलाच नवल वाटत होतं. शरीराची हाडं पाठ करताना मी ती मिलिंदच्या अंगावर मोजायचे, आणि तो म्हणायचा, "आतापर्यंत मोडायची धमकी द्यायची, आता नावं घेऊन देतेय." तीनेक महिने असे गेले. मग एका शुक्रवारी ऑफिसबाहेर शिष्यवृत्तीची यादी लागली. त्यात माझं नाव नव्हतं. ऑफिसातल्या मॅडमनी संगणकावर बघून सांगितलं, "तुमचा अर्ज समाजकल्याणकडे नाहीच. तुम्ही अल्पसंख्याक योजनेत भरलाय. त्यात ही फी बसत नाही. मंगळवारपर्यंत पूर्ण फी भरा, नाहीतर ॲडमिशन रद्द होईल. मी काही करू शकत नाही." मी विचारलं, "पुढच्या वर्षी पुन्हा..." आणि वाक्य तोडलं. पुढच्या वर्षी मी पस्तिशी ओलांडणार होते. माझ्यासाठी पुढचं वर्ष नव्हतंच.

घरी येऊन सांगितलं. मिलिंदने एवढी रक्कम कधी एकदम पाहिलीही नव्हती. तो म्हणाला, "सोड. नशिबात नाय. डबे सुरू कर." तो वाईट हेतूने बोलला नाही, मला रडताना बघवत नव्हतं त्याला. आई भाजी निवडत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "कुठली योजना म्हणाली ती?" मी सांगितलं. मेथीची जुडी त्यांनी तशीच पेपरात गुंडाळून ठेवली. शनिवार-रविवार त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं माझ्यावर रागावल्यात. खरं सांगायचं तर मीच त्यांच्यावर रागावले होते. मनात शंभरदा म्हटलं, तुमच्या ताठ्याने घालवलं माझं. एकदा ओठापर्यंत आलं होतं. बोलले नाही, हे माझ्या आयुष्यातलं मोठं पुण्य.

सोमवारी सकाळी मी उठले तर आई पांढरी साडी नेसून, फाईल मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेल्या. पौर्णिमेला विहारात जाताना नेसायच्या ती साडी. "चल," म्हणाल्या. कॉलेजच्या ऑफिसबाहेर रांग होती. आमच्या मागे माझ्याच वर्गातल्या सात-आठ मुली, दोघींचे वडील. खिडकीशी पोचल्यावर आईंनी मॅडमना विचारलं, "बाई, चूक दुरुस्त व्हती का?" मॅडम कडक होत्या पण वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "मुदत उद्यापर्यंत आहे. जुना अर्ज मी इथून रद्द करू शकते. नवीन भरा, समाजकल्याणच्या योजनेत, जातीच्या दाखल्यासकट." आई म्हणाल्या, "मग आमचा धर्म खोडनार?" मॅडमनी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. "नाही आजी. धर्म बौद्धच राहतो. धर्माचा रकाना वेगळा, जातीचा वेगळा. दोन्ही भरायचे असतात." आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्या दिवसाला शंभर जणींना विचारत असतील. "दाखल्यावर जात कोणती आहे? सांगा, मी इथेच बघून ठेवते."

मी तोंड उघडलं आणि आईंकडे वळून बघितलं. मागे मुली उभ्या होत्या. शेजारी ती पांढरी साडी. मला ते नाव माहीत होतं, आईंच्या फाईलीतल्या कागदावर होतं, पण तेरा वर्षं जे या बाईसमोर उच्चारायचं नाही असं शिकले, ते त्यांच्याच देखत या खिडकीत कसं बोलू... मॅडम म्हणाल्या, "पटकन, रांग आहे." तेव्हा आईंनी फाईल उघडली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून दाखला काढला, तो खिडकीच्या फळीवर सपाट ठेवला, तळहाताने त्याची घडी मोडली, आणि ओपीडीत पुढच्या पेशंटला हाक मारावी तशा खणखणीत आवाजात ते नाव सांगितलं. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं असेल. मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि शेवटचंही. मॅडमनी टाईप केलं. आई हलल्या नाहीत. "आन् धर्माच्या रकान्यात काय लिवलंय, ते वाचून दावा," म्हणाल्या. "बौद्ध," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा वाचा." मॅडमनी पुन्हा वाचलं. आईंनी मान डोलावली, दाखला पिशवीत घातला आणि खिडकीसमोरून बाजूला झाल्या. माझ्या मागची मुलगी पुढे झाली आणि तिने आपल्या जातीचं नाव न अडखळता सांगितलं. कदाचित एरवीही सांगितलं असतं.

त्याच दुपारी हरीशकडे नवा अर्ज भरला. त्याने कपाळावर हात मारला, "मावशी, मैंने बोला था ना," आणि आईंनी त्याला "बोलला व्हतास बाबा, माझीच अक्कल," असं म्हटलं. चूक कबूल करताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. बाहेर आलो तर म्हणाल्या, भूक लागलीय. समोरच्या गाडीवर आम्ही दाल-पकवान खाल्लं. त्यांनी दोन प्लेट खाल्ल्या, वर जास्तीचा कांदा मागून घेतला. मी भीत भीत म्हटलं, "आई, तुम्हाला त्रास झाला असेल." त्या पकवानचा तुकडा मोडत म्हणाल्या, "माझ्या बापानं टाकलेली वस्तू हाय ती. टाकलेली, चोरलेली नाय. सुनेसाठी एकदा उचलली, पुन्यांदा टाकली. तू आता हाडांची नावं पाठ कर." आणि हात कोपरापर्यंत धुवायला गाडीवाल्याकडे पाणी मागू लागल्या. पंधरा दिवसांनी दुरुस्त यादी लागली, त्यात माझं नाव होतं. मी ऑफिसबाहेरच्या पायरीवर बसून घेतलं. इतकं हलकं मला आमची मुलगी सुखरूप जन्मली तेव्हाच वाटलं होतं.

पुढची तीन वर्षं आमच्या घरात दोन कॉलेजं चालली. दिवसा मॅडमचं, संध्याकाळी आईंचं. पेशंट पलंगावर असताना त्याच्याखालची चादर कशी बदलायची, हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. आई स्वतः पलंगावर मेल्यासारख्या पडायच्या, अंग सैल सोडून, आणि मी त्यांना कुशीवर वळवून चादर काढायची. चुकले की तो निपचित पेशंट डोळे न उघडता बोलायचा, "माझा हात खाली अडकला, सिस्टर. मोडशील." तेव्हापासून त्या मला घरात सिस्टर म्हणू लागल्या. "सिस्टर, भाकरी करपतीया." "सिस्टर, नवऱ्याला चहा." आधी थट्टेने. परीक्षा पास झाले, नोंदणी झाली, अंबरनाथ पूर्वेच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, त्यानंतर मात्र त्यांनी एकदाही मला घरात सिस्टर म्हटलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता खरी झालीस. खऱ्याची चेष्टा करू नये."

दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकायला लागलं. पाय सुजायचे, दोन जिने चढल्या की बसायच्या. यंदा तब्येत बिघडली तेव्हा डॉक्टरांनी आयसीयूत ठेवायचं सुचवलं. आई मला एकटीला जवळ बोलावून म्हणाल्या, "मी लई जणांना बघितलंय गं तिथं. हात बांधलेले, तोंडात नळी, आन् बाहेर घरचे भांडतायत. मला घरी ने. तू हाईस ना?" मी डॉक्टरांशी बसून बोलले. रिपोर्ट मला वाचता येत होते, प्रश्न विचारता येत होते, आणि आयसीयूतून वाढून मिळणारे दिवस कसे असतील हे मला कळत होतं. मिलिंद घाबरला होता. लोक काय म्हणतील, आईला मरायला घरी आणलं म्हणतील. मी त्याला म्हटलं, आणलंय ते जगायला आणलंय, जितकं आहे तितकं. सात आठवडे मिळाले. औषधं, पाणी मोजून, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ पुसणं. त्यांच्या पाठीवर शेवटपर्यंत एक लाल डागही पडला नाही. हे मी गर्वाने लिहिते आहे. त्या दिवशीही सकाळी अंग पुसलं, चादर बदलली, आणि ड्युटीवर जाताना म्हटलं, "जाते." त्यांनी चादरीवरून हात फिरवला, सुरकुती आहे का ते बघितलं, आणि म्हणाल्या, "जा. वेळेत जा." आमचं शेवटचं बोलणं हेच. मी जवळ नव्हते याचं वाईट वाटतं, पण फार नाही. ड्युटी सोडून पलंगाशी बसले असते तर त्यांनीच हाकललं असतं.

मृत्यूची नोंद करायला मी आणि मिलिंद नगरपालिकेत गेलो तेव्हा आठवडा उलटला होता. डॉक्टरांचा दाखला होता, आधार होतं. खिडकीतल्या माणसाने फॉर्म दिला. मिलिंदने तो माझ्याकडे सरकवला, मी भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग धर्म. छापलेल्या पर्यायांत आमचा नव्हता, 'इतर' समोर रेघ होती, त्यावर मी ठसठशीत अक्षरात बौद्ध लिहिलं. आणि पेन उचलून थांबले. धर्मानंतरचा रकाना कोणता असतो हे मला पाठ झालं होतं. प्रवेशाचा, शिष्यवृत्तीचा, परीक्षेचा, मुलीच्या शाळेचा, कुठलाही फॉर्म घ्या. आज हे नाव लिहायला त्या शेजारी नाहीत, आणि मला ते त्यांच्या नावापुढे लिहायचं नाही, असं काहीतरी मनात आलं... मग मी पुढची ओळ वाचली. मृत व्यक्तीचा व्यवसाय. मी पान उलटून पाहिलं. पुन्हा सुलटं करून वरपासून वाचलं. त्या फॉर्ममध्ये जातीचा रकानाच नव्हता. धर्म, आणि त्यानंतर थेट काम.

"काय झालं?" मिलिंदने विचारलं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याने फॉर्म बघितला आणि म्हणाला, "व्यवसायात गृहिणी लिही. सगळे तेच लिहितात." मी लिहिलं, रुग्णालयात आया, एकोणतीस वर्षे, मग स्वल्पविराम देऊन पुढे लिहायला लागले. खिडकीतला माणूस वाकून म्हणाला, "ताई, एवढं लिहायची गरज नाय. तिथं जागा कमी हाय." मी म्हटलं, "बसेल." अक्षर बारीक केलं आणि लिहिलं, सुनेला नर्स केलं. सगळं बसलं.